बाई घरातच होत्या

खेडला माझी एक जुनी मैत्रीण आहे. पुण्याला आम्ही दोघींनी सुईणपणाचं शिक्षण एकत्र घेतलं. गेल्या महिन्यात तिचं पत्र आलं. "अलीकडे फार थकवा आहे. झोपून उठते ती थकलेलीच उठते. मूल जन्मलं तरी काही वाटत नाही. मध्यंतरी तुलाही असंच झालं होतं, असं ऐकते. तुला काय झालं होतं? किती दिवस विश्रांती घेतलीस?"

मी लगेच उत्तर लिहिलं. "मलाही थकवा होता. अंजनवेलला मावशीकडे राहिले, दूध घेतलं, समुद्राची हवा घेतली. पुढे बरी झाले." पाकीट चिकटवलं आणि तासाभराने पुन्हा फोडलं. त्यात खोटं एकही वाक्य नव्हतं. खरं तेवढं मात्र गाळलेलं होतं. अंजनवेलला मी बरी झाले नाही, उलट जास्त खचले. मी बरी झाले ती रत्नागिरीच्या वेड्यांच्या इस्पितळात, आणि तिथे मी तीन महिने होते. सात वर्षं मी हे स्वतःच्या तोंडाने कुणाला सांगितलेलं नाही. मी स्वतः आजाऱ्यांमध्ये वावरणारी बाई. "लाजू नका, काय होतंय ते स्पष्ट सांगा," असं पोरीबाळींना रोज सांगणारी. ते पत्र मी फाडलं आणि हे लिहायला बसले.

नाही न म्हणणारी बाई

माझं नाव द्वारका. गावात मात्र सगळे नर्सबाई म्हणतात. सोळाव्या वर्षी कुंकू पुसलं गेलं. वडील शाळामास्तर, त्यांनी भाऊबंदांचं न ऐकता मला पुण्याला शिकायला पाठवलं. परत आले ती वडिलांच्याच घरी, आणि अजून तिथेच आहे. धाकटा भाऊ अनंत कोर्टात कारकून आहे. त्याची बायको सरस्वती, आमची सरू.

तेव्हा रत्नागिरीत आणि आसपासच्या गावांत शिकलेली सुईण मी एकटीच होते. बारा वर्षं कुणी बोलवायला आलं आणि मी गेले नाही, असं झालं नाही. डोलीतून गेले, बैलगाडीतून गेले, भाट्याच्या खाडीवरच्या तरीतून गेले, कातळावरून अनवाणी गेले. "नर्सबाई कधी नाही म्हणत नाहीत," असं बायका एकमेकींना सांगायच्या. ते माझ्या कानावर यायचं आणि मला फार गोड वाटायचं. हे मी आज मोकळेपणी लिहिते, कारण माझ्या आजाराचं मूळ शोधताना मला नेहमी याच गोडीपाशी यावं लागतं. मी दमले होते हे मला दिसत होतं. पण नाही म्हटलं तर मी कोण उरणार, हे मला ठाऊक नव्हतं.

मिठाची चळवळ झाली त्या वर्षी वडील अंथरुणाला खिळले. पाच महिने त्यांचं सगळं मी केलं आणि बाहेरची बाळंतपणंही चालू ठेवली. सरू म्हणायची, "वन्सं, मी बसते त्यांच्यापाशी, तुम्ही जरा पडा." मी तिला बसू दिलं नाही. तिला जमणार नाही, असं मला वाटे. भाद्रपदात वडील गेले. तेरावं झालं त्याच दिवशी शिरगावहून गाडी आली आणि मी पिशवी उचलून निघाले. गाडीवान म्हणाला, "बाय, आज तरी..." मी म्हटलं, "चल."

काहीच न वाटणं

आजार आला तो असा आलाच नाही की मला कळावा. पहिल्यांदा चव गेली. कुळथाचं पिठलं आणि माती यांत मला फरक कळेना. मग पहाटे तीनला डोळे उघडायला लागले आणि उघडले की छातीवर जांभ्या दगडाचा चिरा ठेवल्यासारखं व्हायचं. दिवस वर येईल तसं जरा हलकं होई. हात जड झाले. वेणी घालायला बसले की अर्ध्यावर हात खाली यायचे. मी विधवा असून केस राखले म्हणून लोकांनी नावं ठेवली होती, तेव्हा मी भांडले होते. आता ते विंचरायचीही ताकद नव्हती.

सर्वांत भीती वाटली ती एका गोष्टीची. मूल जन्मून रडलं की बारा वर्षं माझ्या अंगावर काटा यायचा. त्या हिवाळ्यात एक मूल जन्मलं, चांगलं खणखणीत रडलं, आणि मला तो आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखा वाटला. आई हसत होती, सासू मला गूळ देत होती, आणि मी मनात म्हणत होते, आता मला घरी जाऊ द्या.

मला वाटलं, मी वाईट झाले आहे. आजारी झाले आहे, असं एकदाही मनात आलं नाही.

फाल्गुनातली दुपार

आता जे लिहायचं ते लिहिते.

फाल्गुन महिना होता. जेवणं झाली होती, अनंत कोर्टात गेला होता. मी माजघरात चटईवर पडले होते. सकाळपासून मी तशीच होते. डोळे उघडे, पण अंग माझं नसल्यासारखं. पडवीत कुणीतरी आलं. म्हातारा आवाज होता.

"नर्सबाय हायत काय गो घरात? मिरजोल्यास्नं आलंय मी. सून काल सकालपासून आडलीय. मुलगा मुंबयला गिरनीत. कोन नाय आमच्याकडं."

सरू आत आली. माझ्या उशाशी वाकून म्हणाली, "वन्सं, मिरजोळ्याची बाई आहे. उठता ना?"

मी उठायचं ठरवलं. खरंच ठरवलं. पायाला सांगितलं, हल. तो हलला नाही. आणि मग मला त्या म्हातारीचा, तिच्या सुनेचा, त्या अजून न जन्मलेल्या जिवाचा राग आला. माझ्या तोंडून निघालं, "सांग, बाई घरी नाहीत."

"अहो, पण..."

"सांग म्हटलं ना."

सरूने बाहेर जाऊन सांगितलं. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की म्हातारीने तिला दोनदा विचारलं. "कधी येतील?" म्हणाली. सरू म्हणाली, "ठाऊक नाही." तिने तिला पाणी दिलं. म्हातारी पडवीत बसून राहिली. मी आत पडून तिचा श्वास ऐकत होते. बऱ्याच वेळाने काठीचा आवाज लांब गेला.

तिच्या सुनेचं नाव राधा. मूल आडवं होतं. गावच्या दाईने जमेल ते केलं. राधा जगली. मुलगी मेलेलीच जन्मली.

तीन दिवसांनी ही बातमी आमच्या गल्लीत आली आणि लोक काय म्हणाले? "बिचारीचं नशीब! नर्सबाई नेमक्या बाहेर गेल्या होत्या. त्या असत्या तर पोर वाचती." बायका माझ्याकडे येऊन माझं समाधान करू लागल्या. "तुम्ही तरी कुठे कुठे पुरणार!" मी मान खाली घालून ऐकलं. शिव्या खाल्ल्या असत्या तर बरं झालं असतं.

सरूने आठ दिवस माझ्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं. एकदा भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्या तोंडून वदवलंत ते, वन्सं." तिला तेव्हा दिवस गेले होते.

विहीर

त्यानंतर एका सकाळी मी मागच्या विहिरीवर उभी होते. कळशी भरून झाली होती आणि मी आत बघत होते. पाणी खोल होतं, थंड असेल असं वाटलं. त्यापुढे मनात काय आलं ते ओळखायला शहाणपण लागत नाही. मी किती वेळ उभी होते, मला सांगता येणार नाही. मागे पावलं वाजली. सरूने माझ्या हातातला दोर काढून घेतला. दुसऱ्या दिवसापासून घरातलं पाणी तिने भरायला सुरुवात केली, पोटुशी असूनही. मी उठायच्या आत ती विहिरीवर असायची.

माझ्या मैत्रिणीला आणि दुसऱ्या कुणालाही मी कळवळून सांगते, असे विचार आले तर कुणाला तरी सांगा. मी सांगितलं नव्हतं. सरूचं लक्ष होतं म्हणून मी वाचले. प्रत्येक घरात सरू नसते.

तिने अनंताला सांगितलं. त्याने नेहमीच्या वैद्यांना बोलावलं. ते म्हणाले, अशक्तपणा आहे, हवापालट करा. म्हणून चैत्रात मला अंजनवेलला मावशीकडे पाठवलं. मावशीने काडी इकडची तिकडे करू दिली नाही. सकाळी दूध, दुपारी झोप, संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी फेरी. मी दोन महिने काही काम केलं नाही आणि दिवसेंदिवस खालीच गेले. काम होतं तेव्हा निदान हात हलत होते. आता नुसतं पडून त्या म्हातारीचा श्वास ऐकायचा. मावशी शेवटी वैतागून म्हणाली, "अगो, एवढं करूनही तुझं तोंड काही उजळत नाही. हवंय तरी काय तुला?"

मलाही तेच कळत नव्हतं. थकवा असता तर तो आता जायला हवा होता.

फाटक

पावसाळ्याआधी शेवटच्या बोटीने मी परत आले. मला बघून सरू रडली आणि अनंताला म्हणाली, "गावाबाहेरच्या इस्पितळात दाखवू या."

अनंत ताडकन उठला. "तुला समजतंय काय बोलतेस ते? एकदा त्या फाटकातून आत गेली की संपलं. उद्या माझ्या मुलांना कोण मुली देणार?"

"मुलं व्हायची आहेत अजून," सरू म्हणाली. "वन्सं आत्ता आहेत."

मला हे सगळं ऐकू येत होतं आणि माझं मत अनंतासारखंच होतं. त्या इस्पितळाच्या नावाने आम्ही लहानपणी एकमेकांना भिववत असू. पण वाद घालायला लागणारी ताकद माझ्यात नव्हती, म्हणून गेले. अनंताने गाडीला मागेपुढे पडदा लावायला सांगितला आणि बाजारातून न नेता लांबच्या वाटेने न्यायला सांगितलं. फाटकापाशी गाडी थांबली तेव्हा त्याने टोपी पुढे ओढली. सरू मात्र माझा हात धरून खाली उतरली आणि सरळ आत चालू लागली.

डॉक्टर देशावरचे होते, पन्नाशीचे. त्यांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले, मग नुसते प्रश्न विचारत बसले. झोप कशी? भूक कशी? त्रास सकाळी जास्त की संध्याकाळी? शेवटचं रडलात कधी? मी म्हटलं, वडील गेले तेव्हाही रडले नाही. मरावंसं वाटतं का, असंही त्यांनी विचारलं, जसं एखादा ताप आहे का विचारतो तसं. मी सरूकडे पाहिलं आणि हो म्हटलं. तो शब्द बाहेर गेल्यावर मला पहिल्यांदा थोडा श्वास घेता आला.

मग मी म्हटलं, "डॉक्टर, मला आजार काही नाही. मी आळशी झाले आहे."

"बारा वर्षं हा आळस कुठे होता?" त्यांनी विचारलं.

मग त्यांनी कागदावर काही लिहिलं.

"याला आम्ही मेलँकोलिया म्हणतो. मराठीत आपल्याकडे धड शब्द नाही. लोक वेड म्हणतात, नाहीतर नखरे म्हणतात. दोन्ही चूक."

मी म्हटलं, "पण मी फक्त थकले होते."

"सुरुवात तिथे झाली असेल. थकवा आणि हा आजार वेगळे आहेत, पण शेजारच्या दोन घरांसारखी त्यांची भिंत एक आहे. थकलेला माणूस म्हणतो, एवढं काम उरकू दे, मग मी आंबा खाईन. या आजारातला माणूस म्हणतो, आंबा खाऊन काय करायचं? पहिल्याला झोप दिली की पुरते. दुसऱ्याला नुसती झोप देऊन भागत नाही. तुम्ही पहिल्या घरात इतकी वर्षं राहिलात की भिंत पडली. त्यात वडील गेले."

अनंत दाराशी उभा होता. त्याने विचारलं, "बरी होईल?"

"बहुतेक होतात. वेळ लागतो. इथे ठेवा."

बरं होता येतं हे वाक्य त्या दिवशी मला खोटं वाटलं. सांगायला हवं की ते खोटं नव्हतं.

मोजली जाणारी नर्स

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या पिशवीतून कात्री काढून घेतली. साधी नाळ कापायची कात्री. परिचारिकेने ती कागदात गुंडाळली, वर माझं नाव लिहिलं आणि कपाटात ठेवली. मी बायकांच्या खोलीतून सुया, चाकू उचलून ठेवणारी बाई, आणि आता माझ्यापासूनच कात्री लपवली जात होती. मी भिंतीकडे तोंड करून बसले ते संध्याकाळपर्यंत.

दिवस ठरलेला असे. सकाळी वजन, मग पेज, आंघोळ, अंगणात फेऱ्या, मग शिवण किंवा तांदूळ निवडणं. दुपारी झोप, चारला दूध, डॉक्टरांची फेरी, आणि झोपताना एक कडू औषध. बाहेर पाऊस कोसळत असे. सुरुवातीला मला काहीच करायला दिलं नाही. मग रोज एक मूठ तांदूळ. पुढे दोन. मी वैतागले, मला पायलीभर द्या म्हटलं. परिचारिका म्हणाली, "डॉक्टरांनी मूठच सांगितली आहे." संपलं की थांबायचं, हे मला कुणी कधी शिकवलं नव्हतं.

शेजारच्या खाटेवर हातखंब्याकडची एक कुणब्याची बाई होती, सुभद्रा. चार दिवस ती माझ्याकडे बघत राहिली. पाचव्या दिवशी म्हणाली, "बाय, तुमी मला वलखलं नाय."

मी नाही म्हटलं.

"माझं तिसरं बालंतपन तुमी केलं. मी पोराला घेत नव्हते. नुसती भिंतीकडं बघायचे. तुमी सातव्या दिवशी आलाव नि बोललाव, नखरे पुरे झाले, ऊठ, पोराला घे, कामाला लाग."

मला आठवलं. माझ्या आवाजासकट आठवलं. त्या घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं होतं.

"मग?" मी विचारलं.

"मग उठले. दोन महिनं काम केलं. मग पडले ती हितं आले." ती रागावून बोलत नव्हती, झालं ते सांगत होती. मला तिच्या नजरेसमोर बसवेना. अशा किती जणींना मी उठवलं असेल? नखरे म्हणून, आळस म्हणून. मूल आणि आई जिवंत आहेत एवढं बघून मी पिशवी उचलत असे. आईचे डोळे कसे आहेत, ते मी बारा वर्षांत बघितलं नव्हतं.

मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "तुमाला तरी कोनी सांगितलं व्हतं?" आणि थोड्या वेळाने, "आमची डोंगरावरची जमीन बघा. दोन-तीन सालं नाचनी घेतली की सोडून देतात. गवत वाढू देतात. नायतर काय पिकत नाय तिथं. तुमाला कोनी सोडलंच नाय वाटतं."

मला कुणी धरून ठेवलं नव्हतं, मीच थांबत नव्हते, हे मी तिला सांगितलं नाही.

सरू दर आठवड्याला येई. पोट पुढे आलेलं, हातात घावनांचा डबा, डोक्यावर इरलं. ती फार बोलत नसे. माझे केस सोडून तेल लावत असे. अनंत तीन आठवडे आला नाही. आला तेव्हा टोपी हातात फिरवत बसला. मग म्हणाला, "आक्का, मी कचेरीत सांगितलं आहे की तू पुण्याला गेली आहेस. वरचं शिक्षण घ्यायला."

"बरं."

"तेव्हा परत आलीस की पुण्याच्या चार गोष्टी सांग. म्हणजे पूल नवा झाला का, वगैरे. लोक विचारतील."

मी त्याच्याकडे बघितलं. तो इतका गंभीर होता की मला हसू फुटलं. किती महिन्यांनी! त्याला आधी राग आला, मग त्याचाही ओठ हलला. पलीकडून सुभद्रा म्हणाली, "बाय हसली." मला लगेच लाज वाटली. राधाची मुलगी मातीत आहे आणि मी हसते आहे.

त्याच आठवड्यात मी डॉक्टरांना राधाची गोष्ट सांगितली. सांगून झाल्यावर मी वाट बघत राहिले, की आता ते म्हणतील, तुमचा दोष नाही, आजाराचा आहे. ते तसं म्हणाले नाहीत.

"तुम्ही गेला असतात तर मूल वाचलं असतं?"

"आडवं होतं. वेळ बराच गेला होता. कदाचित. ठाऊक नाही."

"तुमच्याने उठवलं नाही, तो आजार होता, एवढं मी खात्रीने सांगतो. घरी नाहीत हे सांगितलंत, त्यात आजार किती आणि तुम्ही किती, हे मला मोजता येत नाही. बऱ्या झाल्यावर तुम्ही ठरवा. आज ठरवू नका. आज तुम्ही सगळंच स्वतःवर घ्याल."

हे मला तेव्हा कठोर वाटलं. नंतर कळलं की कुणीतरी माझ्याशी पुरं खरं बोललं होतं, म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवू शकले.

बरं वाटणं एका दिवसात आलं नाही. एका सकाळी मी म्हणाले, "पेजेत मीठ कमी आहे." पेज वाढणारी बाई भांडायच्या ऐवजी खूष झाली. पुढे अंगणातल्या जास्वंदीचा लाल रंग लाल दिसला. मध्ये आठ दिवस पुन्हा सगळं काळं झालं, आणि पुन्हा उजाडलं. गणपती झाल्यावर मला घरी सोडलं. घरी तान्ही भाची होती. तिला मांडीवर घेतलं आणि मला भीती वाटली, काही वाटेल का? वाटलं. थोडं, पण वाटलं.

मिरजोळे

कार्तिकात मी पायी मिरजोळ्याला गेले. सरू बरोबर येते म्हणाली, मी नको म्हटलं. राधाची सासू अंगणात भात पाखडत होती. मी अंगणाच्या दगडी गडग्यापाशीच उभी राहिले आणि म्हटलं, "आजी, मी नर्सबाई. तुम्ही फाल्गुनात आला होतात तेव्हा मी घरातच होते."

म्हातारीने सूप खाली ठेवलं. "ठाऊक हाय."

"ठाऊक आहे?"

"दाराच्या फटीतून तुमचं पाय दिसत व्हतं. पांढरं लुगडं. त्या घरात पांढरं लुगडं दुसरं कोन नेसतंय?"

"मग तुम्ही कुणाला बोलला नाहीत?"

"कोनाला बोलनार? बोलून पोर येनार व्हतं?" तिने सूप पुन्हा उचललं. "वाटभर शिव्या घातल्या तुमाला. लय घातल्या."

राधा दारात आली. विशीतली पोर. मी आजाराचं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्यापुढे ते निमित्त झालं असतं. मी एवढंच म्हटलं, "माझी चूक झाली. मी यायला हवं होतं, नाहीतर खरं सांगायला हवं होतं. म्हणजे पडवीत वाट बघत न बसता तुम्हाला दुसरीकडे धावता आलं असतं."

ती उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली, "तिला केस व्हते. हितपर्यंत." तिने कानापाशी बोट नेलं. "नाक ह्यांच्यावर गेलेलं. कोनी इचारलं नाय मला, कशी व्हती ती."

मी पायरीवर बसले आणि विचारलं, कशी होती? ती सांगत राहिली. बोटं कशी होती, अंगाला कुठे तीळ होता. म्हातारीचं पाखडणं थांबलं होतं. सगळं सांगून झाल्यावर राधाने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "आता जावा. परत येऊ नका. तुमाला बघितलं की मला तोच दिस दिसतो."

मी उठले आणि गेले.

त्यानंतर

मी पुन्हा काम करते. आठवड्यातला एक दिवस करत नाही. एका बाळंतपणावरून आल्यावर, झोपल्याशिवाय दुसऱ्यावर जात नाही. मालगुंडकडची एक तरुण नर्स पुढच्या वर्षी गावात आली. आम्ही कामं वाटून घेतो. हा नियम मी दोनदा मोडला आणि दोन्ही वेळा पहाटे तीनला डोळे उघडायला लागले. तेव्हा सरू दारात उभी राहिली आणि लोकांना सांगितलं, "आज वन्सं आजारी आहेत, दुसऱ्या बाईंकडे जा." बाळंतिणीकडे सातव्या दिवशी मी जाते ती मुलाआधी आईकडे बघते. झोप येते का, पोराला घ्यावंसं वाटतं का, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, असं विचारते. बायका दचकतात. काही जणी मग सांगतात.

माझ्या मैत्रिणीला: विश्रांती घे, पण विश्रांतीने उतार पडला नाही तर स्वतःला नावं ठेवत बसू नकोस, दाखव. इस्पितळाचं नाव ऐकून लोक काय म्हणतील, याचा विचार मी फार केला. लोक बोलले. अनंताच्या पुण्याच्या गोष्टीवर कुणी विश्वास ठेवला नव्हता, हे आम्हाला पुढे कळलं. दोन घरांनी मला बोलावणं बंद केलं. बाकीच्यांना गरज होती. लाज गेलेली नाही. पण ती आता राधेपुरती आहे. आजारी पडल्याची नाही.

मिरजोळ्याला मी पुन्हा गेले नाही. दोन वर्षांनी बाजारात लाल माठाच्या जुड्या घेत होते. भाजीवाली मिरजोळ्याची होती. शेजारणीला सांगत होती, राधेला मुलगा झाला. दिवस भरल्यावर त्यांनी मालगुंडच्या बाईला बोलावून नेलं. पोर चांगलं आहे, आईही चांगली आहे.

त्यांनी मला बोलावलं नाही, ते बरोबरच झालं. मी हातातली जुडी तशीच धरून उभी राहिले. भाजीवालीने विचारलं, "बाय, आनखी काय देऊ?" तेव्हा कुठे मला कळलं की मी रडते आहे.